सार्वजनिक रुग्णालयांचा पैसा : काटकसर आणि कसर



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने सरकारी रुग्णालयांच्या अर्थव्यवहारावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. संतवाङ्मय आहे, कादंबरी आहे, इंदूरच्या मराठी वाङ्मयीन परंपरेचा मोठा इतिहास आहे. ते सारे सोडून हा विषय कशासाठी? माझे उत्तर असे, की ग्रंथालय आणि सार्वजनिक रुग्णालय या एकाच कुळातल्या संस्था आहेत. दोन्हींच्या दारात येणाऱ्याला त्याची ऐपत विचारायची नसते. दोन्ही ठिकाणी पैसा एकाचा असतो, तो खर्च करणारा दुसरा असतो आणि त्याचे फळ मिळते तिसऱ्याला. अशा संस्था शंभर वर्षे टिकतात त्या देणग्यांच्या मोठ्या आकड्यांमुळे नव्हे, तर रोजच्या लहान हिशेबांमुळे. हे या सभागृहात बसलेल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

विषयाला हात घालण्यापूर्वी दोन शब्दांचा विचार करू. माझ्या पेशाला ते साजेल. आपण 'काटकसर' म्हणतो, तो गुण आहे. परंतु मराठीत नुसती 'कसर' म्हणजे उणीव. आणि 'कसर' हेच त्या बारीक किड्याचेही नाव आहे, जो जुन्या पुस्तकांची पाने आणि पेटीतली रेशमी वस्त्रे खाऊन टाकतो. बांधणीचा खर्च वाचवला, डांबराच्या गोळ्या आणल्या नाहीत, कपाटे वर्षातून एकदा उघडून झटकली नाहीत, तर त्या वर्षीच्या ताळेबंदात शिल्लक दिसेल. परंतु दहा वर्षांनी कपाटात पुस्तकांऐवजी भुसा सापडेल. सरकारी रुग्णालयांच्या बाबतीत आपण नेमके हेच केले आहे. काटकसर करावयाची म्हणून कसर लावून घेतली आहे. माझे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे. पुढे सांगतो तो त्याचा विस्तार.

'आर्थिक कार्यक्षमता' हा शब्द उच्चारला की खर्चात कपात असाच अर्थ घेतला जातो. तो चुकीचा आहे. खर्च निम्मा केला आणि बरे होणारे रुग्ण पाव झाले, तर कार्यक्षमता घटली. उलट खर्च थोडा वाढवून बरे होणारे रुग्ण दुप्पट झाले, तर ती वाढली. त्याच रुपयात अधिक माणसे बरी होऊन घरी जाणे, ही तिची खरी व्याख्या. म्हणून ज्या रुग्णालयात वर्षाअखेर पैसा शिल्लक राहिला ते कार्यक्षम, असे समजण्याचे कारण नाही. तेथे परिचारिकांची पदे रिक्त असतील आणि त्यांच्या न दिलेल्या वेतनालाच आपण 'बचत' म्हणत असू. शस्त्रक्रियागृह तयार आहे, शल्यविशारद हजर आहे, परंतु भूलतज्ज्ञाचे पद भरलेले नाही, म्हणून टेबल रिकामे. अशा ठिकाणी एक वेतन वाचवण्यासाठी आपण चार वेतने आणि एक इमारत वाया घालवीत असतो.

दुसरी गोष्टही आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. कार्यक्षमता ही निधीला पर्याय नव्हे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ या वर्षी देशातील केंद्र व राज्य सरकारांचा मिळून आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. एकूण आरोग्यखर्चातील जो भाग लोक स्वतःच्या खिशातून भरतात, तो २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला. ही सुधारणा मोठी आहे, परंतु शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजूनही आजाऱ्याच्या घरातूनच जातात. तेव्हा थैली लहान आहे, हे खरे. मात्र थैली लहान असेल तर तिला भोक परवडत नाही, हेही तितकेच खरे.

पैसा नाही ही सबब कोठवर चालते, याची मर्यादाही न्यायालयाने घालून दिली आहे. रेल्वेतून पडून डोक्याला इजा झालेल्या एका मजुराला कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही असे सांगून परत पाठवले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, की तातडीचे उपचार न देणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय आणि आर्थिक अडचणीचे कारण पुढे करून शासनाला ही जबाबदारी टाळता येणार नाही. काटकसरीचे सारे विचार या रेषेच्या आतच करावयाचे आहेत.

आता सरकारी रुग्णालयाचा पैसा चालतो कसा, ते पाहू. आपल्या राज्यघटनेप्रमाणे रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. राज्याच्या अर्थसंकल्पातून येणारा पैसा निरनिराळ्या शीर्षांत वाटलेला असतो : वेतन वेगळे, औषधे वेगळी, यंत्रसामग्री वेगळी, आणि इमारतीची दुरुस्ती तर बहुधा बांधकाम खात्याकडे. एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात वळवायचा तर वरची मंजुरी लागते. ३१ मार्चपर्यंत जो खर्च झाला नाही तो परत जातो. म्हणून वर्षभर सुईला पैसा नसतो आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न लागणारी कपाटे खरेदी होतात. रुग्णालयाने स्वतः काही शुल्क जमा केले, तर तेही जुन्या पद्धतीप्रमाणे सरकारी कोषागारात भरावे लागे. वॉर्डातला नळ गळतो आहे, हे तेथील परिचारिकेला सकाळी सहा वाजता कळते; तो दुरुस्त करण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नसतो, अधीक्षकांकडेही पुरता नसतो. ज्याला गरज दिसते त्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याला गरज दिसत नाही. सारा दोष या दोघांमधल्या अंतराचा आहे. माणसांच्या नीतिमत्तेचा त्यात वाटा आहे, पण तो आपण समजतो त्याहून लहान आहे.

हे अंतर कमी करण्याचा देशातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच इंदुरात झाला, ही गोष्ट नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसेल. महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सारे शहर 'एम. वाय.' म्हणून ओळखते, ते पश्चिम मध्य प्रदेशाचा आधार आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी, देवास येथून माणसे तेथे येतात. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ उद्भवली आणि उंदरांनी बुजबुजलेल्या या रुग्णालयाकडे सर्वांचे भयभीत लक्ष गेले. त्या वेळचे जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांच्या पुढाकाराने रुग्ण तात्पुरते इतरत्र हलवण्यात आले, इमारत रिकामी करण्यात आली, हजारो उंदीर मारण्यात आले, केरकचऱ्याचे ढीग बाहेर काढण्यात आले आणि शहरातील नागरिकांनी देणग्या देऊन इमारतीची दुरुस्ती करविली.

एवढ्यावर ते थांबले असते तर ती एक स्वच्छता मोहीम ठरली असती. परंतु पुढे लगेच प्रश्न उभा राहिला : आज झाडलेले उद्या झाडणार कोण, आणि कोणत्या पैशाने? त्यातून 'रोगी कल्याण समिती' जन्माला आली. ही नोंदणीकृत संस्था. तिच्यात लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर आणि दाते एकत्र बसणार. ज्यांना परवडते त्यांच्याकडून अल्प शुल्क घ्यावे, देणग्या स्वीकाराव्यात, आवारातील जागेचे भाडे घ्यावे आणि जमलेला पैसा कोषागारात न भरता त्याच रुग्णालयावर, त्याच ठिकाणी निर्णय करून खर्च करावा, अशी ही योजना. पाहता पाहता ती मध्य प्रदेशातील इतर सरकारी रुग्णालयांत पसरली. २००० साली 'ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्क' या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिचा पुरस्कार देऊन गौरव केला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा हीच कल्पना देशभर स्वीकारली गेली. जिल्हा रुग्णालयाच्या समितीस वर्षाला ५ लाख, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीस १ लाख रुपये असे अनुदानही त्या अभियानात ठरले. महाराष्ट्रात ती 'रुग्ण कल्याण समिती' झाली. गळक्या नळासाठी राजधानीकडे पाहावे लागू नये, एवढी साधी गोष्ट त्यामुळे प्रथमच शक्य झाली.

इंदूरकर म्हणून याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अभिमानाने डोळे मिटू नयेत. या प्रयोगाच्या दोन उणिवा आज तीस वर्षांनंतर स्पष्ट दिसतात.

पहिली शुल्काची. गरिबाला शुल्क माफ, असे कागदावर असते. परंतु खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाने आपण गरीब असल्याचा दाखला आणायचा कोठून? झाबुआच्या पाड्यावरून रात्री बायकोला घेऊन आलेल्या मजुराजवळ कोणते कार्ड असणार? माफीचा निर्णय शेवटी खिडकीतल्या कारकुनाच्या मर्जीवर येऊन ठेपतो. शिवाय अशा शुल्काची पावती फाडणे, हिशेब ठेवणे, तपासणे यांवरही खर्च होतोच. म्हणूनच पुढे देशाचा कल निःशुल्क सेवेकडे वळला. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत देण्यास आरंभ केला. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. आजाऱ्याच्या खिशातून रुग्णालय चालवणे ही कार्यक्षमता नव्हे. तो खर्चाचा भार एका खांद्यावरून अधिक दुबळ्या खांद्यावर ढकलणे आहे. समितीचे मोल तिच्या शुल्कात नव्हते, जागच्या जागी निर्णय घेण्याच्या अधिकारात होते. आपण पुष्कळ ठिकाणी शुल्क लक्षात ठेवले आणि अधिकार विसरलो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेर याच रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन तान्ह्या मुलींना उंदरांनी चावे घेतले आणि पुढील दिवसांत त्या दोघी मरण पावल्या. रुग्णालयाच्या प्रशासनाने मृत्यूचे कारण त्यांच्या मूळच्या व्याधी असल्याचे सांगितले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. वैद्यकीय कारणांचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. परंतु अतिदक्षता विभागात उंदीर फिरत होते, यावर वाद नाही. आणि उंदीर-कीटक नियंत्रणाचे काम एका खासगी कंपनीला ठेक्याने दिलेले होते, हेही जाहीर आहे. म्हणजे ज्या इमारतीतून १९९४ मध्ये हजारो उंदीर बाहेर काढले आणि ज्या प्रसंगातून देशाला एक नवी व्यवस्था मिळाली, त्याच इमारतीत ३१ वर्षांनी उंदीर पाळण्यापर्यंत पोहोचले.

श्रोतेहो, ही घटना केवळ निष्काळजीपणाची म्हणून सोडून देऊ नका. तिचा अर्थ हिशेबाच्या भाषेत समजून घेतला पाहिजे. मोहिमेला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. नव्या विभागाचे उद्घाटन होते, त्याची कोनशिला बसते. गटाराची जाळी बदलली म्हणून कोणाची कोनशिला बसत नाही. देणगीदारालाही आपले नाव यंत्रावर हवे असते, यंत्राच्या वार्षिक देखभालीवर नको असते. समित्यांचा पैसाही मग दिसणाऱ्या कामांकडे वळतो. आणि देखभालीचे काम ठेक्याने देऊन टाकले की ती चिंता आपली राहिली नाही, असा एक भ्रम निर्माण होतो. ठेका देणे वाईट नाही. परंतु ठेकेदाराने महिन्यात किती फेऱ्या मारल्या, हे मोजून बिल देणे निराळे आणि वॉर्डात उंदीर दिसला की नाही, हे तेथील परिचारिकेच्या नोंदवहीतून पाहून बिल देणे निराळे. पहिल्या पद्धतीत आपण सह्या विकत घेतो, दुसऱ्या पद्धतीत काम विकत घेतो. जिच्या डोळ्यांसमोर सारे घडते त्या परिचारिकेच्या शेऱ्यावाचून असे कोणतेही देयक मंजूर होऊ नये. याला एक पैसाही जास्त लागत नाही.

यंत्रांचेही असेच आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी राज्याराज्यांतील उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. जेथे हा आकडा वरच्या टोकाला होता, तेथे तीनांतले एक यंत्र बंद होते असा त्याचा अर्थ. ते घेताना दिलेला पैसा बुडालाच. शिवाय बाहेरच्या तपासणीसाठी रुग्णाच्या खिशातून दुसऱ्यांदा पैसा गेला, आणि तपासणी होईपर्यंत तो खाटेवर पडून राहिला तो खर्च तिसरा. त्या कार्यक्रमाने उपाय साधा सांगितला : प्रत्येक उपकरणाला क्रमांक द्यावा, ते किती दिवस चालू राहिले पाहिजे याचे प्रमाण ठरवावे, आणि देखभाल करणाऱ्याचा मोबदला त्या प्रमाणाशी बांधावा. जिल्हा रुग्णालयासाठी हे प्रमाण ९५ टक्के ठेवले गेले. ग्रंथालयातील दाखल नोंदवही आणि वार्षिक गणती यांहून हे वेगळे काय आहे?

औषधांच्या बाबतीत अनुकरणीय उदाहरण तामिळनाडूचे आहे. त्या राज्याने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि १९९५ पासून त्याचे काम सुरू झाले. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, कंपनीच्या नावाने नव्हे तर मूळ नावाने खरेदी, साऱ्या राज्याची एकत्र निविदा, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, आणि प्रत्येक घाऊक मालाचा नमुना उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवण्याची पद्धत, ही त्याची मुख्य अंगे. परंतु मला त्यातील सर्वांत शहाणपणाची वाटते ती 'पासबुक' योजना. प्रत्येक रुग्णालयाच्या नावे वर्षाची रक्कम पासबुकात जमा असते. गोदामातून त्याने जेवढ्या किमतीची औषधे उचलली तेवढी रक्कम वजा होते. आपल्याकडे सर्पदंश अधिक असतील तर त्याचे प्रतिविष जास्त घ्यावे, हे रुग्णालयानेच ठरवायचे. किंमत ठरते एके ठिकाणी, कारण घाऊक खरेदीत भाव उतरतो. गरज ठरते जागच्या जागी, कारण ती तेथेच कळते. एकत्रीकरण कशाचे करावे आणि विकेंद्रीकरण कशाचे, याचा असा स्वच्छ विवेक आपल्या प्रशासनात दुर्मीळ आहे. राजस्थान, केरळ आदी राज्यांनी पुढे या धर्तीवर महामंडळे काढली.

मात्र नुसते महामंडळ काढल्याने काम होत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. एकत्रित खरेदीत भाव स्वस्त मिळाला आणि औषध सहा महिने उशिरा आले, तर त्या अवधीत रुग्ण बाहेरच्या दुकानातून महाग औषध घेतो. सरकारच्या वहीत बचत दिसते, घराच्या वहीत कर्ज. दोन्ही वह्या एकत्र उघडल्याखेरीज खरा ताळेबंद कळत नाही.

देणी वेळेवर देणे हीसुद्धा कार्यक्षमताच आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि पूर्व उत्तर प्रदेशात आयुष्य वेचलेल्या बाबा राघवदासांचे नाव असलेले वैद्यकीय महाविद्यालय गोरखपूरला आहे. तेथील रुग्णालयात ऑगस्ट २०१७ मध्ये द्रवरूप प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला. पुरवठादाराची देणी थकलेली होती आणि त्याने स्मरणपत्रे पाठवलेली होती. त्या दिवसांत तेथे अनेक बालके दगावली. ती प्राणवायूअभावी दगावली की अन्य कारणांनी, यावर मोठा वाद झाला आणि शासनाने पहिले कारण नाकारले. पण प्राणवायूचे बिल थकू शकते, ही गोष्टच पुरेशी भयानक आहे. वेतन, प्राणवायू, रक्त, जीवनावश्यक औषधे आणि वीज यांची देणी इतर बिलांच्या रांगेत उभी राहता कामा नयेत. शिवाय जो ग्राहक वर्षभर पैसे थकवतो त्याला व्यापारी भाव चढाच लावतो, हे सराफ्यात किंवा सियागंजात उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. सरकारचे पैसे उशिरा मिळतात, म्हणून सरकारला माल महाग मिळतो.

आणखी एक साधन असे आहे, की ज्याची किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही. ते म्हणजे खाट, आणि खाटेवरचा दिवस. एक हिशेब मांडून पाहू. समजा, ३० खाटांचा एक वॉर्ड कायम भरलेला आहे आणि रुग्ण सरासरी १० दिवस राहतो. वर्षाला १,०९५ रुग्णांची सोय झाली. आता हेच सरासरी वास्तव्य ८ दिवसांवर आले, तर त्याच खाटांवर १,३६८ रुग्णांची सोय होईल. एकही वीट न रचता साडेसात खाटांची भर पडल्यासारखे हे आहे. हे दोन दिवस कमी करायचे कोठून? रुग्णाला अर्धवट बरा करून घरी पाठवून नव्हे. ती कसर झाली. दोन दिवस मिळतात ते रक्ताचा अहवाल त्याच दिवशी येण्यातून, शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावरच भरती करून घेण्यातून, आणि शनिवार-रविवारी घरी सोडण्याची कागदपत्रे थांबून न राहण्यातून. जमिनीवर सतरंजी टाकून पडलेला रुग्ण पाहिला की आपण नवी इमारत मागतो. आधी हे दोन दिवस मागितले पाहिजेत.

२०१८ च्या सप्टेंबरपासून आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. सरकारी रुग्णालयांनाही त्यातून दाव्यांची रक्कम मिळते. रुग्णाला शुल्क न लावता रुग्णालयाच्या हाती पैसा येण्याचा हा मार्ग आहे. परंतु दावा भरण्यासाठी कागद नीट लागतो, आणि तेथे आपली रुग्णालये खासगी रुग्णालयांपुढे मागे पडतात. केसपेपर नीट लिहिणे आणि तो सापडणे हे ग्रंथपालाच्या शिस्तीचे काम आहे. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अभिलेखांसाठी प्रशिक्षित माणूस नेमला, तर तो आपले वेतन स्वतःच मिळवून देईल. मात्र एक सावधगिरी हवी : दाव्याच्या लोभाने, ज्या आजारात पैसा आहे तेवढाच आजार दिसू लागणे हा या वाटेवरचा धोका आहे. लस, प्रसूती, क्षयरोग्याची दैनंदिन औषधे यांतून मोठा दावा मिळत नसतो. पण सार्वजनिक रुग्णालय असते ते त्यांच्यासाठीच.

आता अखेरचा प्रश्न : यात आपण काय करू शकतो? आपल्यापैकी बहुतेक जण अर्थमंत्री नाहीत, डॉक्टरही नाहीत. पण आपण वाचक आहोत, आणि वाचकाचे एक नागरी कर्तव्य असते, ते हिशेब वाचण्याचे. रोगी कल्याण समिती ही नोंदणीकृत संस्था आहे. तिच्या सभा होतात, इतिवृत्ते असतात, लेखापरीक्षण होते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक संस्थांनी अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे आणि न केल्यास नागरिकाला ती मागता येते. या अधिकाराचा वापर आपण बहुधा स्वतःच्या फायलीपुरता करतो. तो रुग्णालयासाठी करावा.

मी विश्वस्तांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या वाचनकक्षात दैनिके आणि नियतकालिके मांडलेली असतात. त्यांच्या शेजारी एक फाइल असावी. तिच्यात आपल्या शहरातील सरकारी रुग्णालयांच्या समित्यांचे वार्षिक हिशेब, लेखापरीक्षकाचे शेरे आणि सभांची इतिवृत्ते दरवर्षी मागवून लावावीत. वाचणाऱ्याने तीनच प्रश्न मनाशी धरावेत. देखभालीवर किती खर्च झाला आणि नव्या बांधकामावर किती? कोणती यंत्रे किती दिवस बंद होती? कोणाची देणी किती महिने थकली आहेत? या तीन उत्तरांत रुग्णालयाची प्रकृती बव्हंशी कळते. जे दाते आज या सभागृहात आहेत त्यांनाही विनंती, की पुढच्या वेळी रुग्णालयाला यंत्र देताना त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कमही सोबत द्यावी, आणि तशी अट घालावी. संगमरवरावर तुमचे नाव थोडे लहान येईल. यंत्र मात्र चालू राहील.

या फाइलीला फार वाचक मिळणार नाहीत, हे मी जाणून आहे. पण कपाटातल्या कितीतरी ग्रंथांना वर्षात एखाददुसराच वाचक मिळतो, म्हणून आपण ते टाकून देत नाही. हिशेब कोणीतरी वाचतो आहे, एवढी जाणीव हिशेब लिहिणाऱ्याला असली तरी अक्षर सुधारते. पुढच्या महिन्यापासून ही फाइल उघडावी. पहिला अर्ज मी स्वतः करीन, आणि त्यावर सही करण्यास आपल्यापैकी जे पुढे येतील त्यांनी सभा संपल्यावर ग्रंथपालांकडे नावे द्यावीत.